फॅसिस्ट सत्ता, ज्यूंचा छळ आणि विदर्भ (१९३०-१९४५)

प्रस्तावना

१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून वन कायदा मोडला. त्यानंतर आठ महिन्यांनी, मार्च १९३१ मध्ये, नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी रोम येथे बेनिटो मुसोलिनीची भेट घेतली. पुढे २० नोव्हेंबर १९३८ रोजी वर्ध्याजवळील सेगाव येथे महात्मा गांधींनी जर्मनीतील ज्यूंच्या छळासंबंधी एक लेख लिहून पूर्ण केला व तो 'हरिजन'च्या २६ नोव्हेंबरच्या अंकात प्रसिद्ध झाला. या तीन घटना एकाच प्रदेशाच्या इतिहासात घडल्या. यवतमाळ आणि वर्धा या जिल्ह्यांच्या मध्ये तर केवळ वर्धा नदीचे पात्र आहे. तथापि विदर्भाच्या राजकीय इतिहासलेखनात त्यांचा विचार सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत केला जातो.

फॅसिझमचा युरोपातील उदय आणि ज्यूंचा संहार हा विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमात 'आधुनिक जगाचा इतिहास' या शीर्षकाखाली येतो आणि तेथेच संपतो. त्या घडामोडींकडे त्याच काळात येथील माणसे कसे पाहत होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत निबंधात असे मांडावयाचे आहे की, विदर्भातून फॅसिझमची दोन रूपे ठळकपणे दिसली. एकाला त्याची शिस्त दिसली व दुसऱ्याला त्याचे क्रौर्य दिसले. मात्र ज्या साधनाने फॅसिस्टांनी सत्ता टिकविली आणि ज्यूंना समाजातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढले, ते साधन म्हणजे कायदा, कचेरी आणि नोंदवही होय. हे तिसरे रूप येथील निरीक्षकांच्या दृष्टीतून बरेचसे निसटले. ते ज्यांना अनुभवाने ठाऊक होते असे काही लोक त्याच वर्षांत मुंबईच्या बंदरात उतरत होते.

सत्ता कशी हाती आली

फॅसिस्टांनी सत्ता बळकावली असे म्हणण्याची पद्धत आहे. ती अर्धवट खरी आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये काळ्या सदऱ्यातील स्वयंसेवकांच्या तुकड्या रोमच्या दिशेने निघाल्या हे खरे. परंतु लष्करी कायदा पुकारण्याच्या हुकुमावर सही करण्यास राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने नकार दिला आणि मुसोलिनीस मंत्रिमंडळ बनविण्याचे निमंत्रण धाडले. मुसोलिनी मिलानहून आगगाडीने रोमला आला. १९२१ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाचे अवघे ३५ प्रतिनिधी निवडून आले होते. त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात इतर पक्षांचे मंत्री होते आणि त्या पक्षांची अशी समजूत होती की, जबाबदारी अंगावर पडली म्हणजे हा मनुष्य आपोआप निवळेल. १९२३ च्या अचेर्बो कायद्याने सर्वाधिक मते मिळविणाऱ्या यादीस, ती मते किमान एक चतुर्थांश असल्यास, दोन तृतीयांश जागा देण्याची तरतूद केली. हा कायदा संसदेनेच संमत केला. १९२४ च्या निवडणुकीतील दहशतीविरुद्ध सभागृहात उघड बोलणारे समाजवादी नेते जाकोमो मात्तेओत्ती यांचे १० जून १९२४ रोजी अपहरण होऊन खून झाला. विरोधकांनी सभात्याग केला. राजाने मात्र काहीच केले नाही. जानेवारी १९२५ पासून उघड हुकूमशाहीस प्रारंभ झाला.

जर्मनीत हीच वाट अधिक लांब व अधिक कायदेशीर होती. नाझी पक्षास १९२८ मध्ये २.६ टक्के मते मिळाली होती. जागतिक मंदीच्या तडाख्यानंतर १९३० मध्ये ती १८.३ टक्के झाली व जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्क्यांवर पोहोचली. नोव्हेंबर १९३२ मध्ये ती ३३.१ टक्क्यांपर्यंत उतरली होती, ही गोष्ट पाठ्यपुस्तके बहुधा सांगत नाहीत. म्हणजे पक्षाला ओहोटी लागली असतानाच, ३० जानेवारी १९३३ रोजी, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमले. फ्रान्झ फॉन पापेन आदी परंपरावादी पुढाऱ्यांनी आपण त्याला आवरून धरू अशा भरवशावर ही नेमणूक घडवून आणली होती. पहिल्या मंत्रिमंडळात हिटलरखेरीज नाझी पक्षाचे दोनच मंत्री होते. २७ फेब्रुवारीस संसद भवनास आग लागली व दुसऱ्याच दिवशी नागरिकांचे मूलभूत हक्क वटहुकुमाने स्थगित झाले. मार्चच्या निवडणुकीतही, सर्व दडपशाही करूनही, पक्षास ४३.९ टक्केच मते पडली. २३ मार्च रोजी सर्वाधिकार कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. विरोधात मत देणारे सर्व सोशल डेमोक्रॅट होते. कम्युनिस्ट प्रतिनिधी तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा होते.

येथे एक बाब लक्षात घ्यावयास हवी. इटलीच्या फॅसिझममध्ये आरंभी ज्यूद्वेषास अधिकृत स्थान नव्हते. अनेक इटालियन ज्यू त्या पक्षाचे सभासदही होते. इटलीत वंशविषयक कायदे आले ते १९३८ मध्ये. नाझी पक्षाच्या १९२० च्या कार्यक्रमात मात्र ज्यूंना नागरिकत्व नाकारण्याचे कलम पहिल्यापासून होते. रोमला जाऊन आलेल्या हिंदी प्रवाशांचे मूल्यमापन करताना हा फरक विसरून चालणार नाही.

नागपूरहून रोमकडे

डॉ. मुंजे हे टिळकपंथीय राजकारणातले. १९२६ च्या सुमारास प्रतिसहकार पक्षात मुंजे, जयकर, न. चिं. केळकर आणि बापूजी अणे ही मंडळी एकत्र होती. त्यामुळे वऱ्हाड-नागपूरच्या राजकारणात यवतमाळ व नागपूर ही केंद्रे फार दूरची नव्हती. गोलमेज परिषदेच्या निमित्ताने युरोपात गेलेले मुंजे १५ ते २४ मार्च १९३१ या काळात इटलीत होते. १९ मार्च रोजी त्यांनी लष्करी व शारीरिक शिक्षणाच्या संस्था आणि बालिल्ला व अवांगुआर्दिस्ती या मुलांच्या व तरुणांच्या संघटना पाहिल्या. त्याच दिवशी मुसोलिनीशी त्यांची भेट झाली. मुंजे यांच्या दैनंदिनीत या भेटीचा तपशील आहे आणि इटालियन संशोधिका मार्झिया कासोलारी यांच्या लेखनामुळे तो अभ्यासकांच्या नजरेस आला. मुलांची कवायत, त्यांचे गणवेश व लष्करी संघटन यांनी मुंजे भारावून गेले. हिंदू समाजास अशा संस्थांची गरज आहे आणि डॉ. हेडगेवारांची नागपूरची संघटना याच धर्तीची आहे, अशी त्यांची धारणा झाली. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल ही संस्था त्यांनी १९३७ मध्ये उभी केली.

मुंजे एकटेच इटलीकडे कुतूहलाने पाहत होते असे नव्हे. पुण्याच्या 'केसरी'त १९२४ पासून दशकभर इटलीतील स्थित्यंतराविषयी कौतुकाचे लेखन येत होते. अराजकातून सुव्यवस्थेकडे गेलेला देश असे ते चित्र होते. रवींद्रनाथ टागोर १९२६ मध्ये मुसोलिनीचे पाहुणे झाले आणि नंतर रोमाँ रोलाँ यांच्या भेटीनंतर त्यांनी जाहीर टीका केली. स्वतः गांधीजी डिसेंबर १९३१ मध्ये रोममध्ये मुसोलिनीस भेटले. सुभाषचंद्र बोस यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात साम्यवाद व फॅसिझम यांच्या संयोगाची कल्पना मांडली. मार्च १९३६ मध्ये रोमहून जाताना मुसोलिनीची भेट निक्षून नाकारणारे जवाहरलाल नेहरू हे या मालिकेतील अपवाद ठरतात. परतंत्र देशातील माणसाला बलवान राष्ट्राचे आकर्षण वाटावे, यात समजण्यास कठीण असे काही नाही.

प्रश्न १९३१ पेक्षा १९३८-३९ चा अधिक गंभीर आहे. तोवर न्यूरेम्बर्गचे कायदे होऊन तीन वर्षे लोटली होती व ज्यूंच्या छळाच्या बातम्या हिंदुस्थानातील वृत्तपत्रांतून नियमित येत होत्या. ऑक्टोबर १९३८ मध्ये वि. दा. सावरकर यांनी राष्ट्र हे बहुसंख्याकांचे असते हे सांगताना जर्मनीतील ज्यूंचा दाखला दिला. १९३९ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध झालेल्या मा. स. गोळवलकर यांच्या इंग्रजी पुस्तकात जर्मनीने ज्यूंना देशातून उखडून काढल्याचा उल्लेख वंशाभिमानाचा नमुना आणि हिंदुस्थानने शिकावा असा धडा म्हणून येतो. त्याच पुस्तकात पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्र उभारू पाहणाऱ्या ज्यूंविषयी आदरही आहे, आणि सावरकरांनीही पुढे डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राष्ट्राच्या स्थापनेचे स्वागत केले. तेव्हा या लेखकांस सरसकट ज्यूद्वेष्टे म्हणणे पुराव्यास धरून होणार नाही. त्यांना ज्यूंशी कर्तव्य नव्हते, येथील अल्पसंख्याकांशी होते. जर्मनीचे उदाहरण त्यांनी हाताशी आलेला दाखला म्हणून वापरले. परंतु ज्या माणसांवर ते बेतत होते त्यांचे बर्लिनमध्ये प्रत्यक्षात काय चालले आहे, याची चौकशी त्या पानांत नाही. हा दोष सौम्य मानता येत नाही.

छळाची कारकुनी पद्धत

१९३३ मध्ये जर्मनीत सुमारे ५ लाख ज्यू होते. हे प्रमाण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. १ एप्रिल १९३३ रोजी त्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारण्यात आला. ७ एप्रिलच्या कायद्याने त्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढण्यास सुरुवात झाली. या कायद्याचे नाव 'व्यावसायिक नोकरशाहीच्या पुनर्स्थापनेचा कायदा' असे निरुपद्रवी होते. प्राध्यापक, न्यायाधीश, शिक्षक यांची आजी-आजोबांपर्यंतची धर्मनोंद तपासली जाऊ लागली. चर्चच्या व पालिकेच्या जन्मनोंदी एकाएकी महत्त्वाच्या दस्तऐवजांत मोडू लागल्या. १५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावले व ज्यू आणि इतर जर्मन यांच्यातील विवाह गुन्हा ठरविला. ऑगस्ट १९३८ मध्ये प्रत्येक ज्यू पुरुषाच्या नावापुढे 'इस्राएल' व स्त्रीच्या नावापुढे 'सारा' लावण्याची सक्ती झाली. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या पासपोर्टवर लाल रंगात 'जे' हे अक्षर उमटविण्यात येऊ लागले. प्रत्येक टप्प्यावर एखादी संस्था, एखादी वकील सभा, एखादे विद्यापीठ किंवा एखादा नोंदणी विभाग आपले काम चोख बजावीत होता. गणवेशातील कवायतीपेक्षा छळाच्या यंत्रणेचा मोठा भाग साध्या कपड्यांतील या माणसांनी चालविला.

वैद्यकीय व्यवसायाचे उदाहरण महाराष्ट्रातील वाचकास विशेष बोलके वाटेल. कोकणातील बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज शतकानुशतके येथे राहत आला आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्या वाट्यास छळ आला नाही. १९३७-३८ मध्ये याच समाजाचे डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर होते. वरळीतील रस्त्यास आजही त्यांचे नाव आहे. नेमक्या त्याच वर्षी, जुलै १९३८ च्या हुकुमाने, जर्मनीतील सर्व ज्यू डॉक्टरांचे परवाने ३० सप्टेंबरपासून रद्द झाले. त्यांतील मोजक्यांना केवळ ज्यू रुग्णांवर उपचार करण्याची मुभा मिळाली, तीही 'डॉक्टर' हे अभिधान न लावता. वैद्यकशास्त्रात अग्रेसर मानल्या गेलेल्या देशातील आणि परतंत्र देशाच्या एका शहरातील हा विरोध सांस्कृतिक प्रगतीच्या रूढ कल्पनांना धक्का देणारा आहे.

९ व १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनी व ऑस्ट्रियातील शेकडो प्रार्थनास्थळे जाळण्यात आली, हजारो दुकाने फोडली गेली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले. नुकसानीबद्दल ज्यूंवरच एक अब्ज मार्कांचा दंड बसविण्यात आला. त्याआधी जुलैमध्ये एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी निर्वासितांच्या प्रश्नावर जमले होते. सहानुभूतीची भाषणे विपुल झाली व बहुतेक सर्वांनी दारे बंदच ठेवली.

सेगावचा लेख आणि पुसदचा अनुभव

नोव्हेंबरच्या या घटनांनंतर दहा-बारा दिवसांत गांधीजींनी लेख लिहिला. ज्यूंविषयी आपणास पूर्ण सहानुभूती असल्याचे सांगून त्यांनी ज्यूंच्या स्थितीची तुलना अस्पृश्यांशी केली. मानवतेच्या नावाने एखादे युद्ध समर्थनीय ठरू शकले असते तर ते जर्मनीविरुद्धचे ठरले असते, पण आपला कोणत्याच युद्धावर विश्वास नाही, अशी त्यांची भूमिका होती. पॅलेस्टाइनवरील ज्यूंचा हक्क त्यांनी अमान्य केला. जर्मनीतील ज्यूंनी देश न सोडता सत्याग्रह करावा, असा सल्ला त्यांनी दिला व त्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा दाखला पुढे केला. त्यांच्या मते जर्मनीतील ज्यूंची परिस्थिती त्या हिंदी लोकांपेक्षा सत्याग्रहास अधिक अनुकूल होती.

हा सल्ला कोठून आला हे समजून घेण्यास दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. पुसद पुरेसे आहे. विदर्भास समुद्र नाही, म्हणून मिठाऐवजी जंगलाचा कायदा निवडण्यात आला. सत्याग्रही आगाऊ सूचना देत. ठरलेल्या दिवशी गाजावाजा करून जंगलात जात व विळ्याने गवत कापीत. पोलिस अटक करीत. आरोप वाचून दाखविला जाई आणि शिक्षेची मुदत न्यायाधीश जाहीर करी. वृत्तपत्रे त्याची वार्ता देत व गावोगाव नवे सत्याग्रही तयार होत. डॉ. हेडगेवार यांनीही त्याच जुलै महिन्यात यवतमाळनजीकच्या जंगलात सत्याग्रह केला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा होऊन अकोल्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. पुढे मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने राजबंद्यांची सुटका झाली. ही राजवट सौम्य होती असे मुळीच नाही. त्याच वर्षी मध्य प्रांतातील शिवनी जिल्ह्यात तुरिया येथे जंगल सत्याग्रहाच्या वेळी आदिवासींवर गोळीबार होऊन माणसे मारली गेली. परंतु अणे यांच्यासारख्या सत्याग्रहीचा गुन्हा, त्याची अटक, त्याचा तुरुंग व त्याच्या सुटकेचा दिवस या सर्वांस एक जाहीर अस्तित्व होते. राज्यकर्ता अन्यायी असला तरी समोरच्या माणसाचे नाव आपल्या दप्तरात कैदी म्हणून का होईना, पण माणूस म्हणून लिहीत होता.

जर्मनीत हे दप्तरच बदलले होते. तेथील 'संरक्षक कोठडी'स आरोपपत्र लागत नसे, मुदत नसे व न्यायालयात दाद नसे. छावणीत मेलेल्या माणसाची राख नातलगांकडे टपालाने येई. बातमी छापणारे स्वतंत्र वृत्तपत्र उरले नव्हते. सत्याग्रहाला ज्या साक्षीदारांची गरज असते ते साक्षीदार आधीच कायद्याने दूर करण्यात आले होते.

मार्टिन बुबर यांनी गांधीजींना २४ फेब्रुवारी १९३९ रोजी जेरुसलेमहून लिहिलेल्या पत्राचा गाभा हाच आहे. बुबर हे १९३३ पर्यंत फ्रँकफुर्टला अध्यापन करीत होते व मार्च १९३८ मध्ये पॅलेस्टाइनला गेले. गांधीजींविषयी त्यांना नितांत आदर होता. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या पाठीशी हिंदुस्थान नावाचा देश होता, जर्मनीतील ज्यूंच्या पाठीशी काय आहे, असा त्यांचा सवाल होता. जर्मनीत आपण ज्यूंचा अहिंसक प्रतिकार स्वतः पाहिला आहे आणि त्याचा अत्याचाऱ्यांवर काडीमात्र परिणाम झाला नाही. जेथे कोणी पाहत नाही तेथे हौतात्म्य साक्ष बनू शकत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. हिब्रू विद्यापीठाचे ज्यूडा मॅग्नेस यांनीही दोन दिवसांनी असेच पत्र लिहिले. या पत्रांस गांधीजींचे उत्तर उपलब्ध नाही. ती त्यांच्यापर्यंत पोहोचली नसावीत असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

सेगावला जर्मनीतील स्थितीची खबरच नव्हती असे म्हणता येत नाही. बर्लिनमधील ज्यू शिक्षिका मार्गारेट श्पीगल १९३३ मध्येच गांधीजींच्या आश्रमात आल्या होत्या. गांधीजींनी त्यांना 'अमला' हे नाव दिले. दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मची जमीन देणारे वास्तुशिल्पी हर्मन कालेनबाख हे गांधीजींचे जुने ज्यू स्नेही १९३९ च्या आरंभी सेगावातच मुक्कामास होते. त्याच फेब्रुवारीत गांधीजींनी 'हरिजन'मध्ये आपल्यापाशी राहणाऱ्या एका ज्यू मित्राविषयी लिहिले. अहिंसा बुद्धीला पटूनही हा मित्र हिटलरसाठी प्रार्थना करू शकत नाही, त्याचा संताप आवरत नाही, आणि आपण त्याच्या संतापाशी भांडत नाही, असे ते सांगतात. सेगावच्या त्या चर्चांचा सर्वांत प्रामाणिक क्षण बहुधा हाच असावा. कालेनबाख यांच्या मौनात व रागात बुबर यांच्या पत्रातील युक्तिवाद आधीच उपस्थित होता.

तरीही गांधीजींची बाजू केवळ भाबडेपणाची म्हणून निकालात काढणे योग्य नाही. फेब्रुवारी-मार्च १९४३ मध्ये बर्लिनच्या रोझेनश्ट्रासे या रस्त्यावर, पकडून नेलेल्या ज्यू पुरुषांच्या ज्यूएतर बायका दिवसेंदिवस उभ्या राहिल्या आणि अखेर त्यांच्या पतींची सुटका झाली. सुटका निदर्शनांमुळेच झाली की काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण निदर्शने करणाऱ्या त्या स्त्रिया राज्याच्या नोंदवहीत अजून नागरिक होत्या, ही गोष्ट निर्विवाद आहे. ज्यांना त्या नोंदवहीतून खोडण्यात आले होते, त्यांना हा मार्ग उपलब्ध नव्हता. २० जानेवारी १९४२ रोजी वान्झे येथे जी बैठक झाली तीत विविध खात्यांचे वरिष्ठ अधिकारी बसले होते व त्यांच्यापुढे देशवार ज्यू लोकसंख्येचा तक्ता होता. युद्ध संपेपर्यंत सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले.

मुंबईच्या धक्क्यावर

युरोपातून निसटलेल्या ज्यूंपैकी काही जण हिंदुस्थानात आले. त्यांच्या संख्येविषयी अभ्यासकांचे अंदाज एक हजारापासून पाच हजारांपर्यंत आहेत. मुंबईत १९३४ मध्ये ज्यू मदत संघटना स्थापन झाली. ब्रिटिश सरकार प्रवेशासाठी बहुधा नोकरीची किंवा निर्वाहाची हमी मागत असे आणि अनेकांसाठी ती हमी या संघटनेने दिली. डॉक्टर मोठ्या संख्येने आले. त्यांच्या नोंदणीचा प्रश्न निघाला तेव्हा येथील काही वैद्यकीय मंडळींस स्पर्धेची धास्ती वाटली. म्हणजे परवान्याचा प्रश्न त्यांचा पाठलाग करीत समुद्रापारही आला.

त्यांच्यातील काहींनी मुंबईच्या सांस्कृतिक जीवनात घातलेली भर आता नोंदली गेली आहे. कार्ल्सबादचे संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईस आले. आकाशवाणीची प्रसिद्ध प्रारंभधून त्यांच्या नावे सांगितली जाते. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलादिग्दर्शक झालेले व्हिएन्नाचे वॉल्टर लँगहॅमर (त्यांची पत्नी ज्यू होती), समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी पुढे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांस पाठबळ दिले. गंमत अशी की, याच मुंबईत मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये 'अछूत कन्या' (१९३६) हा अस्पृश्यतेवरील चित्रपट दिग्दर्शित करणारे फ्रान्झ ऑस्टेन हे त्याच वर्षी नाझी पक्षाचे सभासद झाले होते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले गेले आणि निर्वासित व नाझी हा भेद सरकारी दप्तरात काही काळ पुसला गेला. जर्मन व ऑस्ट्रियन पारपत्र असलेले सारे 'शत्रुदेशीय परकीय' ठरले. पुरुषांना अहमदनगरच्या तळावर नेण्यात आले. तेथे ऑस्टेनसारखे पक्षसभासद आणि त्याच पक्षाच्या भीतीने पळून आलेले ज्यू यांना एकाच कुंपणाआड ठेवण्यात आले. पुढे चौकशी समितीपुढे एकेकाची तपासणी झाली व बहुसंख्य निर्वासितांची सुटका झाली. काहींना कुटुंबांसह पुरंदर व सातारा येथे पॅरोलवर ठेवण्यात आले. तेथे राहणे मोकळे असले तरी हद्द आखलेली होती.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी जर्मन सरकारने हुकूम काढून देशाबाहेर राहणाऱ्या सर्व जर्मन ज्यूंचे नागरिकत्व रद्द केले व त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. मुंबईच्या पोलिस कचेरीत मात्र त्यांची हजेरी जर्मन म्हणूनच घेतली जात राहिली. बर्लिनच्या दप्तरात ते कोणीच नव्हते आणि मुंबईच्या दप्तरात शत्रू होते. प्रवासाचा परवाना, सायकलचा परवाना, रेडिओ बाळगण्याची मुभा यांसाठीचे त्यांचे अर्ज आजही अभिलेखागारांत आहेत.  युद्धानंतर त्यांतील बहुतेक इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा पॅलेस्टाइनला गेले. कॉफमन यांनी १९४६ मध्ये मुंबई सोडली. श्लेसिंगर अखेरपर्यंत मुंबईतच राहिले.